कलमाची टाच आणि कोरीव कामाचे इतर प्रश्न

पितळेवर नक्षी आणि नावं कोरायला शिकायचं आहे. ऑनलाइन कोरायच्या बारा कलमांचा संच मिळतोय. घ्यावा का? (वाचक, नाशिक)

नको. बारातली नऊ कलमं डब्यातच राहतील. सुरुवातीला १२० अंशांचं व्ही-टोकाचं एक कलम आणि जागा सपाट करायला दीड-दोन मिलिमीटर रुंदीचं एक चपटं कलम, एवढ्यावर वर्षभर काम चालतं. उरलेले पैसे धार लावायच्या ६०० आणि १२०० ग्रिटच्या (आकडा मोठा तितकी बारीक) डायमंड प्लेट आणि दहापट भिंग यांवर घाला. भिंगाशिवाय टोक मोडलंय की नाही हे कळतच नाही.

तयार कलमच हवं असंही नाही. लेथच्या सामानाच्या दुकानात १/८ इंची चौकोनी एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल बिट मिळतो. त्याची कड खाली धरली की ९० अंशांचं व्ही आयतंच मिळतं, १२० साठी मात्र घासावं लागतं. साधं कार्बन पोलाद ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं, म्हणून ते दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. एचएसएस तापायला दाद देत नाही. पण लालभडक झालेला तुकडा पाण्यात टाकलात तर त्याला बारीक चिरा जातात. कार्बाइड सुरुवातीला घेऊ नका. धार टिकते खरी, पण हात जरा वळला की टोकाचा टवका उडतो.

लांबी आपल्या हाताप्रमाणे कापा. कलमाची मूठ तळव्यात बसल्यावर टोक अंगठ्याच्या पुढे अर्धा-पाऊण इंचच यावं. जास्त लांब ठेवलं की अंगठ्याचा ब्रेक लागत नाही आणि निसटलेलं कलम थेट डाव्या हातात घुसतं.

चांदीवर सरळ रेघ चकचकीत येते, पण वळणावर बाहेरची कड खरवडल्यासारखी दिसते. कलम नवं होतं तेव्हा असं होत नव्हतं. (वाचक, हुपरी)

टाच लांब झाली आहे. टोकाच्या खालच्या बाजूला घासलेला जो छोटा उतार असतो, ती टाच. तिच्यामुळे मूठ कामापासून १५ ते २० अंश वर राहते आणि टोक खोल घुसत नाही. सरळ रेघेत टाच टोकामागून त्याच खाचेत चालते. वळणावर मात्र टोक वळतं आणि टाचेचा मागचा भाग स्पर्शरेषेत राहून बाहेरच्या भिंतीवर घासतो. वळण जितकं लहान, तितकं खरवडणं जास्त.

नव्या कलमात हे नव्हतं, कारण तेव्हा टाच आखूड होती. धार गेली की पुष्कळ जण फक्त टाचच दगडावर दोनदा ओढतात, कारण ते पटकन होतं. दर वेळी ती थोडी लांबते. उलट तोंड, म्हणजे टोकाचा पुढचा तिरपा सपाट भाग, घासलं की टाच आखूड होते. तेव्हा आधी तोंड ४५ अंशांत ६०० च्या प्लेटवर, मग १२०० वर घासा, टाच पार जाईपर्यंत. मग १२०० वर दोन्ही बाजूंना सारखेच, अगदी हलके दोन-दोन हात मारून नवी टाच काढा. बारीक वेलबुट्टीसाठी ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुरते. एका बाजूची मोठी झाली तर कलम सतत एकीकडे ओढ घेतं.

चकाकीसाठी शेवटी सिरॅमिक किंवा ओतीव लोखंडाच्या चकतीवर अर्ध्या मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने टाच पॉलिश करा. टाचेवर जो ओरखडा असेल तोच चांदीत उमटतो. चामड्यावर घासू नका, कडा गोल होते. धार तपासायची तर टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं, अजिबात न दाबता टेकवा: रुतलं तर ठीक, घसरलं तर परत दगडावर.

स्टीलच्या डब्यावर नाव कोरताना दर दोन अक्षरांनी टोक तुटतं. (वाचक, पुणे)

तोंड ५५ अंश करा, टाच २० अंश, आणि हाताने न ढकलता छोट्या हातोडीने ठोकत जा. भांड्यांचं स्टेनलेस घासलं गेलं की त्या जागी आणखी कडक होतं. म्हणून बोथट कलम तिथेच रेटू नका. पहिल्याच फटक्यात कीस निघाला पाहिजे. थेंबभर कटिंग ऑइल घ्या. खरं सांगायचं तर रोजच्या डब्याला भांड्यांच्या दुकानातलं नाव घालायचं मशीन पुरे. ते धातू कापत नाही, टोचत जातं.

पितळी पाटीवर देवनागरी अक्षरं कोरताना शिरोरेषा आधी की शेवटी? (वाचक, सांगली)

शेवटी. पाटीवर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात फिरवा, वाळल्यावर पेन्सिलीने अक्षरं काढा, मग सुईने रेघा पक्क्या करा. सुईची रेघ खाचेच्या आतच बसली पाहिजे, नाहीतर ती शेवटपर्यंत दिसते. उभे दंड खालून वर कोरत शिरोरेषेच्या जागेत नेऊन संपवा. तिथे कीस तुटतो आणि बर (धातूची उठलेली खरखरीत कड) राहते. नंतर शिरोरेषा एका दमात कोरली की ती सगळी टोकं साफ होतात. आधी कोरलीत तर प्रत्येक दंड तिची खालची कड फोडतो.

अक्षराला जाड-बारीकपणा हवा तर खोली वाढवू नका. सरळ कलमाने सुरुवात करा, मध्ये ते हळूहळू एका बाजूला कलतं करा आणि शेवटी पुन्हा सरळ. १२० अंशांचं टोक असलं की रेघ फुगते आणि रुंद भिंत चमकते. ‘श्री’ची गाठ किंवा ‘क’चं पोट कोरताना कलम फिरवायचं नाही, डाव्या हाताने पाटी फिरवायची. म्हणून पाटी टेबलाला क्लँप न करता लाकडी ठोकळ्यावर राळेत बसवा आणि ठोकळा वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवा. राळ ठिसूळ होऊन पाटी सुटत असेल तर गरम करून त्यात थोडं तेल मिसळा. उन्हाळ्यात ती मऊ पडली तर विटेची बारीक पूड वाढवा.