वाचक विचारतात : जीप सफारी नव्हे, पायवाट

प्रश्न (भुसावळ): मे महिन्यात आठ दिवस काढून आम्ही चौघे हिमाचलातलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान पाहायला निघतोय. सोबत 13 वर्षांची मुलगी आहे. जीप सफारी मिळेल का? प्राणी दिसतील का?

उत्तर: जीप विसरा. 754 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात फिरायचं ते पायीच. झेलम किंवा सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरा, तिथून कुलू-मनालीच्या बसने औट गाठा आणि पुढे बंजारमार्गे गुशैणीला जा. परवाना वाटेवरच्या साईरोपाच्या कार्यालयात मिळतो. ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ ठेवा आणि गावातलाच वाटाड्या घ्या.

गुशैणीपासून तीर्थन नदीच्या काठाकाठाने साधारण 10 किलोमीटरवर रोला आहे, उंची 2100 मीटरच्या आसपास. त्यापुढचा शिल्टचा मुक्काम थेट 3100 मीटरवर. चूक होते ती इथेच. भुसावळ जेमतेम 200 मीटरवर, त्यामुळे एका दिवसात हजार मीटर चढून तिथेच झोपलं की डोकं दुखतं, मळमळतं. 2500 मीटरच्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये. मुलगी बरोबर आहे, तेव्हा गुशैणीत दोन आणि रोल्यात दोन रात्री काढा. दिवसा शिल्टच्या वाटेवर जमेल तितकं चढा, पण झोपायला खालीच या.

या उद्यानाचं खरं वैभव चढणीवर उलगडतं. खाली कैल (एक पाइन) आणि देवदार, मग ओक, राय (स्प्रूस), तोस (फर), त्यांच्याखाली दाट रिंगाळ, म्हणजे बुटका डोंगरी बांबू, आणि साधारण 3300 मीटरनंतर भोजपत्र व बुटका बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन). त्याच्याही वर ‘थाच’, म्हणजे गवताळ कुरणं. आपल्याकडे यावलपासून पालपर्यंत जाऊनही जंगलात एवढे बदल दिसणार नाहीत. 2014 साली उद्यानाला जागतिक वारशाचा मान मिळाला तोही याच जैवविविधतेमुळे.

हिमबिबट्याची आशा धरू नका. जुजुराणा, म्हणजे हिमाचलचा राज्यपक्षी, मे महिन्यात पहाटे रिंगाळातून ओरडतो. त्याचा आवाज जरी कानी पडला तरी फेरी सार्थकी लागली म्हणा. दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. याहून मोठं दाखवणारी दुर्बीण हातात हलते.

बुटांकडे विशेष लक्ष द्या. कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा डिंक आपल्या उन्हाळ्यात सुटतो आणि तळवा ऐन उतारावर उघडतो. निघण्याआधी तोरणमाळला किंवा पाटणादेवीला पाठीवर सहा किलो घेऊन, तेच बूट घालून दोन-तीन वेळा चाला. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबताच हुडहुडी भरते. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकर असू द्या.

प्रश्न (अमळनेर): उंच डोंगरावर डाळ शिजत नाही म्हणतात, ते खरं का?

उत्तर: खरं आहे. 3000 मीटरवर पाणी सुमारे 90 अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तुरीची डाळ बराच वेळ ठेवली तरी टणक राहते आणि गॅस संपतो. दोन लिटरचा कुकर न्या, किंवा मुगाची डाळ दुपारीच भिजत घाला. रात्रीची खिचडी नीट होते.