आजोबांच्या लायसनवरची रायफल खरंच महायुद्धातली आहे का, हे शिक्क्यांवरून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातल्या घरी आजोबांच्या लायसनवरची रायफल आहे, आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) मुठीखालच्या लोखंडावर मुकुट आणि १९४२ दिसतं, आणि लढाईवरून येताना त्यांनी ती सोबत आणली असं घरचे म्हणतात. सोबत आणल्याची गोष्ट आधी बाजूला ठेवू. शिपायाची रायफल सरकारची. रजेवर निघतानासुद्धा ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा होते. आजोबांची नोकरी खरी असेलच, पण ही रायफल कुठली हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर लोखंडावरच मिळतं.

पहिलं काम म्हणजे लायसनवर बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, कोणता लिहिलाय ते बघा. आपल्याकडे .३०३ हा सैन्याचा बोअर, खासगी माणसासाठी प्रतिबंधित. त्यामुळे बेळगाव-खानापूर-निपाणीकडे घरोघरी जी ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखली जाते, ती बहुतेक वेळा बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल असते. बोल्ट तोच ली-एनफिल्डचा, म्हणजे ब्रिटिशकालीन सैन्याच्या .३०३ रायफलीचा, म्हणून गल्लत होते. तिचं पुढचं लाकूड अर्ध्यावर संपतं आणि नळी उघडी दिसते. सैन्याच्या जुन्या नमुन्यात, म्हणजे नंबर १ मार्क ३ मध्ये, लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जातं, पुढे बोथट लोखंडी टोपी असते आणि नळीच्या खाली संगीन अडकवायचा छोटा खुंट असतो. बॉडीवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावर) मुकुट नि १९४२ आणि नळीवर .३१५ असं दोन्ही दिसलं, तर बॉडी सैन्याची आणि नळी नंतरची, असाच अर्थ.

हात लावण्याआधी मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी बघा. नुसतं ‘रिकामी आहे’ म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

आता शिक्के. बटाला बॉडी जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यावर, उजव्या अंगाला, वरून खाली वाचा. इशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलीवर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), मग इशापूर, वर्ष आणि नमुना असतो. इंग्लंडमध्ये बनलेल्यांवर जी.आर. एवढंच, सोबत एनफिल्ड किंवा बी.एस.ए. हे तिथल्या कारखान्याचं नाव. अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) दिसले तर ती स्वातंत्र्यानंतरची, मग घरात काहीही सांगोत. नमुन्यातल्या ३ पुढे तारा असेल तर ती १९१६ नंतरची सोपी केलेली आवृत्ती. मॅगझीनवरची सरकती पट्टी आणि डाव्या अंगाची लांब पल्ल्याची माशी (नेम धरायची खूण) त्यात काढून टाकली, कारण कारखान्यांना वेग हवा होता. बाणाच्या खुणेखाली आय हे अक्षर असेल तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती सेवेतून विकून टाकलेली. या शेवटच्या खुणेकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि मला तीच सगळ्यात बोलकी वाटते.

पण १९४२ हा फक्त बॉडीचा जन्म. बाकीचे भाग कुठले, ते नंबर सांगतात. बॉडीचा नंबर, बोल्टच्या मुठीच्या मुळाशी मागच्या बाजूला असलेला नंबर, नळीच्या जाड भागावरचा, मागच्या माशीच्या पानाखालचा आणि पुढच्या टोपीवरचा, हे सगळे जुळले तर ती एकजीव रायफल. बोल्टवर जुना नंबर आडव्या रेघेने खोडून नवा ठोकलेला असेल तर तो शस्त्रागारातच बदललाय, त्यात लबाडी नाही. एफ.टी.आर. आणि पुढे वर्ष असेल तर त्या वर्षी कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालीय. लाकडातून आडवा गेलेला जाड स्क्रू ही इशापूरची मजबुतीची सवय. डी.पी. ही अक्षरं दिसली तर ती केवळ कवायतीची, गोळी झाडण्यालायक नाही, कधीच झाडू नका. नंबर न जुळणारा बोल्ट असेल तरीही झाडू नका. अशा बोल्टने काडतुसामागची जागा वाढली की पितळ फाटतं आणि गॅस तोंडावर येतो.

शिक्के दिसत नसतील तर घासू नका. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात लोखंडावर लाल थर चढतोच, पण पॉलिश पेपर मारला की अक्षरांची धार कायमची जाते. मऊ कापसाला थोडं बंदुकीचं तेल लावून पुसा, खडूची पूड अक्षरांत चोळा आणि टॉर्च बाजूने, अगदी तिरपी धरा. बट धरून ठेवणारा आतला लांब स्क्रू फिरवायचा मोह आवरा: पुढचं लाकूड न काढता तो फिरवला, तर त्याचं चौकोनी टोक लाकूड आतून फाडतं. जुन्या रायफली असंच करून वाया जातात.

आजोबा हयात नसतील आणि लायसन वारसाच्या नावावर झालेलं नसेल, तर तपासणी राहू द्या. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे ती जमा करून पावती घ्या. .३०३ निघाली तर लगेच. शिक्के तिथंही बघता येतात.

इथे फोटो टाकणार असाल तर तीन टाका: उजवीकडचा पट्टा, बोल्टची मूठ मागून आणि टोपीसह नळीचं तोंड. नंबरचे शेवटचे तीन अंक झाकून ठेवा.