सोलापूरकरांचा धबधबा जुलैत नसतो

तुमचा प्रश्न असा: जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, एका दिवसात, सोलापूरहून आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन कुठला धबधबा बघून येता येईल, लोणावळा, ठोसेघर की आंबोली? खाली बऱ्याच जणांनी आपापली नावं सुचवली आहेत, पण जुलै हा महिना कुणी खोडला नाही. मी तोच खोडतो. सप्टेंबर उजाडेपर्यंत थांबायची तयारी असेल, तर तासाभराच्या अंतरावर तुम्हाला जे दिसेल त्यासाठी घाटाकडे जायची गरज पडणार नाही.

आपला जिल्हा पर्जन्यछायेत. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, आणि आपल्याकडे पोचतो तो नुसता वारा. तेव्हा महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं आणि आपण होटगी रोडवर धूळ खात असतो. उजनी भरते तीसुद्धा पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. इथे पावसाचा थेंब नसताना पंढरपुरात चंद्रभागेला पूर येतो, हे आपल्याला नवीन नाही. आपला स्वतःचा पाऊस उशिरा येतो. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं आपली. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं तेलंगणामार्गे इकडे सरकली की दोन-तीन दिवसांत महिन्याची भरपाई करून जातात.

आता नकाशात बालाघाटची रांग बघा. तुळजापूर, येडशी, पाटोदा, मांजरसुंबा ही सगळी गावं त्याच डोंगरांच्या अंगाखांद्यावर. पठारावर साचलेलं पाणी जिथे कड्यावरून खाली उतरतं, तिथे आपले धबधबे. ते सह्याद्रीतल्यासारखे चार महिने वाहत नाहीत. वरच्या पठारावर पाऊस झाला तर वाहतात, नाहीतर काळा दगड बघून परत यायचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी तारीख ठरवून धबधबा शोधू नका. वरची धरणं आणि ओढे भरल्याची बातमी आली की तारीख ठरवा.

तुमच्यासाठी पहिली निवड नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर बोरामणी, इटकळ ओलांडून पंचेचाळीस-एक किलोमीटर. जिल्हा धाराशिव, पण रोजचं जाणं-येणं आपलंच. हा डोंगरातला धबधबा नाही, माणसाने बांधलेला आहे, आणि म्हणूनच मला तो जास्त आवडतो. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालून जाते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नळदुर्ग आणि समोरचा त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक छोटा महाल बांधला. तोच पाणीमहाल. काळ 1613 चा. नदी भरली की पाणी दोन ठरवलेल्या वाटांनी खाली झेपावतं. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. आपण आत, बंधाऱ्याच्या भिंतीत, गवाक्षात उभे. डोक्यावरून नदी चाललेली, समोर पाण्याचा पडदा, आणि खोली कोरडी. चारशे वर्षांपूर्वीचा चुना आणि दगड अजून गळत नाही. आमच्या अपार्टमेंटची गच्ची दर पावसाळ्यात गळते, त्यावर फार बोलत नाही.

नर-मादी कधी सुरू होतात? किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते पूर्ण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की पुढचं काम नदी करते. एखाद्या वर्षी ऑगस्टमध्येच भरतं, बहुतेकदा सप्टेंबर उलटतो, दुष्काळी सालात भरतच नाही. सोलापूर-धाराशिवच्या पेपरात ‘बोरी धरण ओव्हरफ्लो’ अशी बातमी हमखास येते. ती आली की पुढच्या मंगळवार-बुधवारी निघा. शनिवार-रविवारी जाऊ नका. त्या दोन दिवसांत अरुंद जिन्यावर वर चढणारे आणि खाली उतरणारे एकमेकांत अडकलेले असतात, आणि गवाक्षात सेल्फी काढणारा मागे सरकायला तयार नसतो. मुलांची एक दिवसाची शाळा बुडाली तर बुडू द्या.

पाणी फार वाढलं की ठरलेल्या वाटा पुरत नाहीत, अख्ख्या बंधाऱ्यावरून चादर पडते आणि महालात उतरू देत नाहीत. तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका, त्याचं बरोबर असतं. त्या दिवशी तटावरूनच बघा, देखावा उलट जास्त मोठा दिसतो. महालाचे जिने वडिलांच्या गुडघ्यांना झेपणार नसतील तरी हाच उपाय. त्यांना वर सावलीत बसवा आणि मुलांना उपळ्या बुरुजावर न्या. त्याच्या पायऱ्या उंच आहेत, लहानग्याचा हात सोडू नका. वरून बोरीचं वळण, रणमंडळ, आणि त्यापलीकडे तूर-सोयाबीनची हिरवी पट्टी लांबपर्यंत दिसते. कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी 1850च्या दशकात जिल्ह्याचा कारभार बघताना इथेच राहायचा. राहायला त्याला ही जागा का आवडली असेल, ते त्या बुरुजावर कळतं.

दुसरा पर्याय रामलिंग, येडशीजवळ. तुळजापूर, धाराशिव करत नव्वदेक किलोमीटर. इथे पाण्यापेक्षा रान बघायला जायचं. येडशी-रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लहानसंच, पण आपल्या मुलखात इतकी सलग झाडी दुसरीकडे शोधून सापडायची नाही. धावडा, पळस, आपटा, मध्ये मध्ये साग. पायऱ्या उतरून दरीत गेलं की रामलिंगाचं मंदिर, त्याला लागून ओढा, आणि ओढ्याला पाणी असेल तर धबधबा. सीतेला सोडवताना जखमी झालेल्या जटायूला पाणी पाजायला रामाने इथे बाण मारून झरा काढला, असं सांगतात. मोर दिसतीलच असं नाही, ओरडताना मात्र ऐकू येतात. वानरं दिसतीलच. हातात पिशवी घेऊन उतरू नका. ती तुमची राहणार नाही.

रामलिंगला धबधब्यापाशी दहा मिनिटं थांबून लोक गाडीत बसतात, हे मला पटत नाही. सप्टेंबरअखेरीला तिथल्या उतारांवर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तरवडाची पिवळी फुलं, कुंपणात एखादी कळलावी असते. कळलावीला मुलांनी हात लावू नये, कंद फार विषारी. त्याच सुमाराला बालाघाटातली सिताफळं बाजारात यायला लागतात. आईंना सांगा, डोळे उघडलेली घ्या, घरी दोन दिवसांत पिकतात. वडील रेल्वेप्रेमी असतील तर त्यांना बार्शी लाईटची, म्हणजे नॅरोगेजची, छोटी गाडी आठवेल. कुर्डुवाडी-बार्शी-येडशी-लातूर ती याच भागातून जायची.

एक लक्षात ठेवा. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरतो, आणि गाड्या दुसरीकडून वळवतात. त्या दोन-तीन दिवसांत रामलिंगचा बेत आखू नका, नळदुर्गचा आखा. किंवा तुम्हीच चालत तुळजापूरला जा, मग धबधब्याचं नंतर बघू.

सौताडा आणि कपिलधार हे दोन्ही बीड जिल्ह्यात, दीडशे किलोमीटरच्या पुढेमागे. सौताड्याला बार्शी-जामखेडवरून जायचं. विंचरणा नदी कड्यावरून खोल घळीत पडते, तळाशी रामेश्वराचं मंदिर. आपल्या बाजूच्या सगळ्या नैसर्गिक धबधब्यांत उंचीला हाच. पायऱ्या भरपूर आहेत. आई-वडिलांनी वरून बघावा. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी, कार्तिक पौर्णिमेची यात्रा. आपल्याकडची बरीच वीरशैव घरं तिथे जातात, तुमच्या शेजारी कुणी असेल तर पाण्याची खबर त्यांच्याकडेच मिळेल. दोन्हीकडे एका दिवसात जाता येतं, पण सहाला निघावं लागतं.

तरीही ‘जुलैतच हवं’ असा मुलांचा हट्ट असेल तर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला जा. इथे वरचं गणित उलटं होतं. घटप्रभा सह्याद्रीत उगम पावते, त्यामुळे आपल्याकडे कोरडं असताना तिला पूर असतो. बावन्न मीटरवरून घोड्याच्या नालेच्या आकारात सगळी नदी एकदम खाली, पाणी गढूळ तांबडं, आवाज लांबूनच. वर झुलता पूल. शेजारी सूतगिरणी, या पाण्याच्या जोरावर गिरणी चालवायची कल्पना 1880च्या दशकातली. सोलापुरातली आपली जुनी कापडगिरणी 1877 ची, म्हणजे दोघी साधारण एका वयाच्या. पाणी वरच्या हिडकल धरणातून किती सोडतात त्यावरही अवलंबून, म्हणून चौकशी करून निघा. विजयपूर, जमखंडीमार्गे अडीचशे किलोमीटरला थोडं कमी. ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात जाऊन येणं म्हणजे शिक्षा आहे. विजयपूरला मुक्काम करा, गोल घुमट दाखवा, आणि येताना गोकाकची प्रसिद्ध मिठाई, करदंट, आणा.

लोणावळ्याला माझं मत नको तितकं स्पष्ट आहे. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते उभे होते तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं, डोंगरावर पाऊस वाढला आणि काही मिनिटांत लोंढा आला. तेव्हापासून पावसाळ्यात तिकडे प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. सोलापूरहून तीनशेवर किलोमीटर गाडी हाणून पोलिसांच्या शिट्टीवर परत फिरायचं, यात काय मजा?

पण तो लोंढा फक्त लोणावळ्यातच येतो असं समजू नका. रामलिंगच्या ओढ्यालाही तोच नियम. तुमच्या डोक्यावर ऊन असेल, वर पठारावर ढग फुटलेला असेल. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून काटक्या-पाला यायला लागला, आवाज बदलला, की चपला शोधत बसू नका, मुलांना उचला आणि वर या. ओढ्याच्या मधोमध खडकावर डबा उघडू नका. धबधब्याच्या खालचा डोह दिसतो त्यापेक्षा खोल असतो आणि पाणी खाली ओढतं. पोहणाऱ्यांनीही त्यात उतरू नये. शेवाळलेल्या बसाल्टवर कुठलाच बूट टिकत नाही, दुकानदार काहीही सांगो.

आणि ‘ओव्हरफ्लो’ची बातमी आली म्हणून त्याच दिवशी पळू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये बोरीने आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीने काय केलं ते आपण बघितलंय. रस्ते बंद, सोयाबीन पाण्यात, जनावरं गेलेली. तशा दिवसांत त्या गावांतून गाडीत गाणी लावून धबधबा बघायला जाणं मला तरी जमत नाही. पाऊस थांबल्यावर चार-पाच दिवस जाऊ द्या. पाणी निवळतं, रस्ते मोकळे होतात, आणि नर-मादी तोवर चालूच असतात.

खाण्याचं सोपं ठेवा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. दुपारपर्यंत काही खराब होत नाही आणि प्लास्टिकचा कचराही होत नाही. गाडी नसेल तर नळदुर्गला उमरगा-हैदराबादकडच्या एसटी सोलापूर स्टँडवरून सारख्या सुटतात. सकाळी आठची धरली तर ऊन चढायच्या आत महाल बघून होतो, आणि दुपारी जेवून आडवं व्हायला घरी पोचता.

ऑगस्ट संपताना मला इथेच आठवण करा. बोरी किती भरलीय ते विचारून सांगतो.