थाई अक्षरांचे उच्चार: कान आधी, तक्ता नंतर

थायलंडचं तिकीट काढलं की आपली मंडळी आधी ॲप डाउनलोड करतात आणि मग मला विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून यावेळी निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देते आहे.

थाई अक्षरांच्या उच्चारांसाठी सर्वांत चांगलं मोफत ॲप कोणतं? (विद्यार्थी, नौपाडा)

नाव विचारू नका, आत काय आहे ते बघा. आवाज माणसाचा हवा, शक्यतो एक पुरुषाचा आणि एक बाईचा. आपल्याकडे जसा 'क कमळाचा', तसं थाईत प्रत्येक व्यंजनाला नाव असतं. 'कॉ काइ' म्हणजे कोंबडीचा. हे पूर्ण नाव आणि त्या अक्षरापासून सुरू होणारे दोन-तीन शब्द, दोन्ही ऐकायला मिळाले पाहिजेत. 'फॉर्वो' या उच्चारांच्या संकेतस्थळावर थाई लोकांनी स्वतः म्हटलेले शब्द ऐकता येतात. 'अंकी' या पाठांतराच्या ॲपमध्ये कार्डं बनवणार असाल तर पुढे आवाज ठेवा, मागे अक्षर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

गूगल ट्रान्सलेटचं स्पीकरचं बटण पुरेल का? (कोपरखैरणे)

शब्दासाठी चालेल, सुट्या अक्षरासाठी माणसाचाच आवाज घ्या.

रोमन किंवा देवनागरीत उच्चार लिहून पाठ केले तर? (गृहिणी, नेरूळ)

नको. 'क्लाइ' असं लिहिलंत तर ते 'जवळ'ही होतं आणि 'दूर'ही. पहिल्याचा सूर वरून खाली घसरतो, दुसऱ्याचा सपाट राहतो. थायलंडच्या सरकारी रोमन लेखनातही सूर दाखवत नाहीत आणि स्वराची लांबीही नाही.

माझ्या ॲपमध्ये तीन-चार अक्षरांना एकच 'ख' ऐकू येतो. ॲप खराब आहे का? (वाशी)

ॲप ठीक आहे. व्यंजनं ४४ आणि सुरुवातीचे ध्वनी २१ म्हटल्यावर असं होणारच. 'ख' पाच आहेत, त्यातले दोन आता वापरात नाहीत. उरले अंड्याचा, म्हशीचा आणि घंटेचा. थाई व्यंजनांचे वर्ग असतात: अंड्याचा 'ख' उच्च वर्गातला, बाकीचे दोन नीच वर्गातले, आणि शब्दाचा सूर ठरण्यात या वर्गाचा मोठा वाटा असतो. 'खा' चढत्या सुरात म्हटलं तर पाय, सपाट म्हटलं तर अडकलेलं. नावं पुन्हा ऐका: अंड्याच्या 'खॉ'चा सूर वर चढतो, म्हशीच्या 'खॉ'चा सपाट राहतो. वर्ग न सांगता नुसते आवाज वाजवणारं ॲप अर्धंच काम करतं.

'सात दिवसांत थाई' असा ऑडिओ आणि मराठी तक्त्याचा संच विकत घेतला. तक्त्यात चार अक्षरांपुढे 'फ' लिहिलंय, पण ऑडिओत ते वेगवेगळे वाटतात. कोणाचं खरं मानू? (घोडबंदर रोड)

कानाचं. आणि 'सात दिवसांत' हे शब्द दिसले तेव्हाच पाकीट खिशात ठेवायचं होतं.

आता जरा सविस्तर सांगते, कारण याच 'फ'पायी माझा निम्मा वेळ जातो. ही चार अक्षरं मधमाशीचं, झाकणाचं, तबकाचं आणि दाताचं. मधमाशी आणि तबक यांचा उच्चार दोन्ही ओठ मिटून, मग हवा सोडून होतो, म्हणजे जुनी माणसं 'फणस' म्हणतात तसा. झाकण आणि दात यांना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, 'फॅन' म्हणताना टेकतात तसे. लिहिण्यातही मधमाशी-झाकण आणि तबक-दात या जोड्यांत फरक एवढाच, की दात टेकवून म्हणायच्या अक्षराची उजवीकडची रेघ वर लांबते. गोम अशी आहे, की आपली शहरी मुलं हल्ली 'फळ' आणि 'फूल'सुद्धा ओठावर दात टेकवून म्हणतात. त्यांच्यापुढे 'फ' छापलेला तक्ता ठेवला, की चारही अक्षरं दातांनीच बाहेर पडतात. फुकेतचा 'फ' ओठांचा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

टिश्यूपेपरची अरुंद पट्टी तोंडासमोर चार बोटांवर धरा. ओठांच्या 'फ'ला ती एकदम झटका खाऊन उडते, दातांच्या 'फ'ला नुसती थरथरते, साध्या 'प'ला जेमतेम हलते. मग आपला उच्चार रेकॉर्ड करा, पण तेव्हा ब्लूटूथ वापरू नका. माइक चालू झाला की बरेचसे ब्लूटूथ हेडफोन कॉलच्या दर्जाचा आवाज देतात आणि नेमके हेच बारीक फरक पुसले जातात. वायरवाला इअरफोन घ्या.

मग ते रेकॉर्डिंग एखाद्या थाई भाषकाला ऐकवा, पण 'बरोबर आहे का' असं विचारू नका. भिडेखातर कोणीही 'हो' म्हणेल. 'कोणतं अक्षर ऐकू आलं?' असं विचारा.

पाठ केलेला 'ल' शब्दाच्या शेवटी 'न' का ऐकू येतो? (महापे)

नियमच तसा आहे. शेवटी 'ल' आणि 'र' दोन्हींचा 'न' होतो, म्हणून फुटबॉलचं 'फुटबॉन'.

आमच्या विहारात थायलंडचे भन्तेजी आले होते. 'बुद्धं सरणं गच्छामि' ते 'फुत्थांग सरनांग खत्छामि' असं म्हणत होते. हे चूक नाही का? आम्ही तसं म्हणावं का? (उपासिका, ऐरोली)

चूक नाही. आपल्या ब, द, ग यांच्या जागची थाई अक्षरं फ, थ, ख अशी उच्चारतात आणि पाली थाई लिपीतून वाचली की असंच होतं. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाला तिथे 'सुवन्नफूम' म्हणतात, तेही असंच, तिथे 'भ'चा 'फ' होतो. अक्षरं ओळखायला हा दुवा फार कामाचा आहे. मात्र पठणाची चाल वेगळी असते, त्यामुळे त्या रेकॉर्डिंगवरून बोलीचे सूर शिकू नका. तुम्ही वंदना कशी म्हणावी, हे तुमच्या विहारातल्या भन्तेजींनाच विचारा.

वय ६४. आवाज पूर्ण वाढवूनही 'फ'च्या दोन प्रकारांतला फरक कळत नाही. (निवृत्त, कळवा)

आधी आवाज कमी करा, मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. वयानुसार बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी क्षीण होतात आणि दातांच्या 'फ'ची फुसफुस त्याच पट्टीतली. सुरांचे चढउतार तुम्हाला अजून नीट कळत असतील. ॲप बदलून या तक्रारीवर इलाज होणार नाही.

मुलीला थाई मुळाक्षरांची गाणी लावून देऊ का? (घणसोली)

द्या. क्रम पाठ होईल, सुरांची खात्री नाही.

दोन महिने नुसतं ऐकायचं आणि मगच बोलायचं, असं एकाने सांगितलं. रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकतो. योग्य आहे ना? (तुर्भे)

हा 'एकाने' प्रत्येकाला कुठे भेटतो, कोण जाणे! लोकलच्या खडखडाटात आवाज वाढवावा लागतो. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. शिवाय गाडीत बारीक फरक कळतच नाहीत. घरी दार लावून दहा मिनिटं ऐका आणि लगेच म्हणा. चुकीचा बसलेला उच्चार दोन महिन्यांनी उखडणं फार जड जातं. आजच पाच अक्षरं रेकॉर्ड करा, या आठवड्यात एखाद्या थाई शिक्षकाचा ऑनलाइन अर्धा तास घ्या आणि त्याला तेवढी पाचच ऐकवा.