वाढत्या अंगाचा बोर्ड

प्रश्न : ताई, आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. मुलगी सहा वर्षांची, वजन वीस किलो. यंदा तिला स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून बर्फावरून घसरणं) शिकवायचं ठरवलं. ओळखीतून १२० सेंटीमीटरचा बोर्ड स्वस्तात मिळाला. बूट दोन नंबर मोठे घेतले, निदान दोन सीझन तरी जातील म्हणून. पहिल्या दिवशी ती पंधरा मिनिटांत रडायला लागली. पुढच्या शनिवारी गाडीतून उतरेचना. टाचेवर कशीबशी उभी राहते, पण चवड्यावर वळ म्हटलं की धाडकन पडते. नवरा म्हणतो, हिला आधी स्कीच द्यायला हवी होती. काय करू?
– एक आई, ऑरोरा

उत्तर : गेले नऊ हिवाळे मी शनिवार-रविवारी लहान मुलांना बोर्ड शिकवते, आणि देशी घरातलं मूल आलं की सगळ्यात आधी त्याचे बूट बघते. माझाही शाळेचा स्कर्ट सांगलीला दरवर्षी वाढत्या अंगाचाच शिवला जायचा. पाचवीत शिवलेला सातवीत कुठे अंगाला बसायचा. पण स्कर्टाला पिन लावता येते, बुटाला नाही.

तुमची लेक चवड्यावरच का पडते, ते घरीच बघा. तिला बूट घालून सगळे पट्टे आवळा आणि गुडघे पुढे वाकवायला सांगा. तुमचा अंगठा बुटाच्या मागच्या बाजूला, टाचेच्या वर दाबून ठेवा. आत टाच वर उचललेली जाणवेल. बर्फावर नेमकं हेच होतं. ती चवड्यावर भार देते, टाच बुटातच वर येते आणि बोर्डाची कड मात्र जागची हलत नाही. पोरगी सांगितलेलं सगळं करतेय, फक्त तिचा निरोप बोर्डापर्यंत पोचत नाही. टाचेवर उभं राहताना पाऊल मागे टेकलेलं असतं, म्हणून तिथे थोडं निभावतं.

मापाची खात्री करायची तर बुटातला तळवा बाहेर काढा आणि तिला त्यावर टाच मागे टेकवून उभं करा. बोटांपुढे अर्धा सेंटीमीटर जागा उरली तर उत्तम, एक उरला तर चालेल. तुमच्या बाबतीत दोन उरतील. काही कंपन्यांच्या मुलांच्या बुटांत तळव्याखाली एक जादा थर असतो, तो काढला की बूट एका नंबराने वाढतो. वाढत्या अंगाची सोय हवीच असेल तर ती अशी असावी. आणि मोठा बूट भरून काढायला मोज्यांचे दोन जोड घालत असाल तर ते आजच थांबवा. दोन मोजे एकमेकांवर सरकतात, सुरकुत्या पडतात, पायाला घाम येतो आणि मग गारठा. पातळ लोकरीचा एकच लांब मोजा घाला. थर्मलची पँट बुटात कोंबू नका, ती वरच थांबू दे.

बोर्डाची लांबी हनुवटीपर्यंत असावी असं दुकानात सांगतात. मोठ्यांसाठी तो ढोबळ अंदाज ठीक आहे, मुलांसाठी वजन बघा. वीस किलोच्या मुलीला शंभरच्या आसपासचा, हाताने सहज वाकणारा बोर्ड द्या. एकशेवीसचा बोर्ड तिच्याहून जास्त वजनाच्या मुलासाठी बनवलेला असतो, तिच्या भाराने तो वाकणारच नाही. शिवाय तो रुंदही असतो, त्यामुळे तिची छोटी पावलं दोन्ही कडांपासून लांब राहतात. शिकाऊ मुलांच्या बोर्डांत कडा किंचित वर उचललेल्या असतात. ते नक्की बघा, नाहीतर कड बर्फात रुतून मूल अचानक आपटतं आणि तो धक्का ते महिनोन् महिने विसरत नाही.

हे सगळं विकत घ्या असं मी म्हणत नाही. डेन्व्हरच्या बऱ्याच दुकानांत मुलांचा बोर्ड आणि बूट पूर्ण सीझनसाठी भाड्याने मिळतात, नव्या बोर्डापेक्षा स्वस्तात, आणि मध्येच पाय वाढला तर बूट बदलूनही देतात. विकत घ्या फक्त हेल्मेट (बर्फाचं, सायकलचं नव्हे) आणि मनगटाचे गार्ड. स्नोबोर्डवर नवख्यांचं मनगट सगळ्यात जास्त मोडतं, कारण पडताना हात आपोआप मागे जातो. बोटांचे हातमोजे नकोत, मिटन (चारही बोटं एकत्र राहणारे) घ्या. त्यात गार्ड नीट मावतो आणि बोटं एकमेकांना ऊब देतात.

आता माझी फजिती. माझ्या मुलाला मीच शिकवायला गेले होते. दुकानाने त्याचा बोर्ड डावा पाय पुढे धरून लावून दिला होता. मी शिक्षिका, पण आईच्या घाईत बघितलंच नाही. दोन रविवार मी त्याच्यावर ओरडत होते, ‘अरे, समोर बघ!’ तिसऱ्या आठवड्यात तो घरात मोजे घालून फरशीवर घसरत होता, तर दर वेळी उजवा पाय पुढे. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधायची पट्ट्यांची पकड, उलटी लावली आणि अर्ध्या तासात तो वळायला लागला. डावा पाय पुढे असला तर रेग्युलर, उजवा असला तर गूफी. तुमच्या लेकीला सांगू नका, नुसतं फरशीवर घसरू द्या आणि बघा. लंगडी कुठल्या पायावर घालते, ती परीक्षा इथे चालत नाही. बाइंडिंगचे कोन दोन्ही पावलं बदकासारखी बाहेर वळतील असे ठेवा, बारा-पंधरा अंश.

मग दोन आठवडे बर्फावर जाऊच नका. हॉलमधल्या गालिच्यावर बोर्ड बांधा, टीपॉय बाजूला सरकवा आणि पडायचा सराव करा. पुढे पडताना मुठी मिटून गुडघे आणि कोपरापुढच्या हातांवर. मागे पडताना खाली बसायचं, हनुवटी छातीशी, हात पोटाशी. माझ्या वर्गात याला ‘बटाटा’ म्हणतात. मुलांना पडायला आवडतं, फक्त पडल्यावर आईचा चेहरा उतरला की रडू येतं.

पहिला दिवस लव्हलँड व्हॅलीसारख्या नवख्यांच्या वेगळ्या उतारावर काढा, पण लक्षात ठेवा, लव्हलँडचा पायथाच १०,८०० फुटांवर आहे. डेन्व्हरच्या दुप्पट उंची. डोकं दुखलं तर तो आळस नाही. पाणी पाजा, दीड तासात थांबवा. तुम्ही उताराच्या खालच्या बाजूला, तिच्याकडे तोंड करून उभ्या राहा आणि तिचे दोन्ही हात धरा. आधी टाचेच्या कडेवर नुसतं खाली सरकणं. मग त्याच कडेवर डावीकडे-उजवीकडे, पिंपळाचं पान गळताना झोके खात येतं तसं. हे मनासारखं होईपर्यंत चवड्याचं नाव काढू नका. चवड्यावर सरकताना तिची पाठ उताराकडे असते, म्हणून तुम्ही वरच्या बाजूला जा, तिला तुमचा चेहरा दिसू दे. ‘वळ’ म्हणू नका, ‘पुढच्या हाताने ते लाल जॅकेट दाखव’ म्हणा. हात गेला की खांदा जातो, खांदा गेला की बोर्ड.

आधी स्की, मग बोर्ड हा सल्ला लहान मापाचे मऊ बोर्ड मिळत नव्हते तेव्हाचा आहे. तरी महिन्याभराने तीच स्की मागू लागली तर द्या.

प्रश्न : जानेवारीत मुलाला (वय ९) घेऊन गुलमर्गला जातोय. त्याला स्नोबोर्ड करायचाय. पुण्याहून काय न्यावं? ट्रेकिंगचे बूट चालतील का?
– एक बाबा, कोथरूड

उत्तर : नाही. बाइंडिंगचे पट्टे स्नोबोर्डच्या बुटाच्या आकारावर बसवलेले असतात, ट्रेकिंगच्या बुटात घोटा आवळला जात नाही. बूट आणि बोर्ड तिथेच भाड्याने घ्या, पण त्याच्या मापाचे मिळतीलच असं धरू नका, निघण्याआधी फोनवर सेंटीमीटरमध्ये पावलाची लांबी सांगून विचारा. हेल्मेट, मिटन, गॉगल, लांब मोजे आणि सनस्क्रीन पुण्याहून न्या.

पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग गुलमर्गलाच आहे. शिक्षक ठरवताना ‘स्कीचा की बोर्डचा?’ हे स्पष्ट विचारा. आणि गोंडोलाचा (तिथल्या केबल कारचा) दुसरा टप्पा, अफरवतचा, तिकिट मिळालं म्हणून बोर्ड घेऊन गाठू नका. वरून खालचा उतार सपाट केलेला नाही, तिथे हिमकडे कोसळतात. तुमच्या मुलाचं गुलमर्ग म्हणजे खालचं मैदान. तीन दिवस तिथेच काढा, तो कंटाळणार नाही. तुम्ही कंटाळाल.

प्रश्न : मुलगी-जावई व्हरमाँटला. नात अडीच वर्षांची आणि जावयांनी तिला बोर्डवर उभं करून दोरीने ओढायला सुरुवात केली आहे! हे वय आहे का?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : आजोबा, हा खेळ सुरूच असा झाला. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगनला शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, नंतर टोकाला धरायला दोरीही आली. त्याचं नाव स्नर्फर. व्हरमाँटमध्येच १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी बोर्ड बनवायला घेतले, आणि आज त्यांच्या बर्टन कंपनीचा बाळांच्या बोर्डाला लावायचा ओढदोरीचा रीळ मिळतो. जावई चुकत नाहीत. सपाट जागा, चालण्याचा वेग, डोक्यावर हेल्मेट आणि तिला नको झालं की लगेच उचलून घ्यायचं, एवढं पाळलं की झालं.

तुम्ही फेब्रुवारीत जाणार असाल तर दोरी तुमच्याही हातात येईल. बुटांखाली अडकवायचे रबरी काटे घेऊन ठेवा. या खेळात बाळ क्वचित पडतं, ओढणारा पडतो.