जपानी डिटेक्टिव्ह कथांमध्ये नुसती कोडीच असतात का, माणसं नसतातच का? आणि सुरुवात कुठून करू?

माणसं असतात. 'मात्सुमोतो सेइचो हा लेखक आला, माणसं आली, कोडं संपलं' असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांनी त्याची 'तेन तो सेन' ही कादंबरी लक्ष देऊन वाचलेली नसते.

1957-58 मध्ये ती 'ताबी' या प्रवासाच्या मासिकात क्रमशः आली. फुकुओका शहराजवळ काशिईच्या किनाऱ्यावर एक पुरुष आणि एक बाई शेजारी शेजारी मरून पडलेले सापडतात. पोटात सायनाइड. प्रेमिकांची आत्महत्या म्हणून प्रकरण मिटल्यात जमा. पण तोरिगाई या स्थानिक पोलीस डिटेक्टिव्हच्या मनातून एक पावती जात नाही. मृताच्या खिशात गाडीतल्या डायनिंग कारची पावती आहे आणि ती एकाच माणसाच्या जेवणाची आहे. सोबत मरायला निघालेली बाई त्याच्याबरोबर दोन घास खायलाही बसली नाही? तपास इथून सुरू होतो. आता यात कोडं कुठलं आणि माणूस कुठला, वेगळं काढून दाखवा.

मग ती प्रसिद्ध चार मिनिटं. तोक्यो स्टेशनवर 13 नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून 15 नंबरला लागलेली, फुकुओकातल्या हाकाता स्टेशनला जाणारी 'आसाकाझे' गाडी दिसायला हवी, पण मधे सतत गाड्या उभ्या. नजर मोकळी होते ती फक्त 17:57 ते 18:01. नेमकं तेवढ्यातच साक्षीदारांना हे दोघं गाडीकडे जाताना दिसतात. गाड्या मिनिटाला मिनिट धरून धावतात आणि वेळापत्रक कुणालाही विकत मिळतं, म्हणून साक्षीदारांना ते दोघं मुद्दाम दाखवण्याचा हा डाव रचता येतो. मेलेला माणूस लाचखोरीच्या चौकशीतल्या मंत्रालयाचा अधिकारी आहे, म्हणून तो रचावा लागतो.

उलट बाजूनेही, म्हणजे कोड्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या कथांतही, तेच. कागदी सरकत्या दारांच्या जपानी घरात बंद खोलीतला खून जमणारच नाही, असं म्हटलं जायचं. एदोगावा राम्पो या लेखकाने 1925 मध्येच त्याला हात घातला होता. योकोमिझो सेइशी या लेखकाने 1946 च्या 'होनजिन' कादंबरीमध्ये लग्नाची रात्र, आतून लावलेली लाकडी झडपं, बाहेर बर्फात रोवलेली तलवार आणि पाऊलखुणा नाहीत, असं सगळं मांडलं. लग्नघरच्या त्या घराण्याचा ताठा काढून टाका, खुनाला कारणच उरत नाही.

'तेन तो सेन'पासून सुरू करा. इंग्रजीत 'पॉइंट्स अँड लाइन्स' आणि 'टोकियो एक्सप्रेस' ही एकाच पुस्तकाची दोन नावं आहेत, दोन्ही विकत घेऊ नका. वाचताना जपानचा नकाशा जवळ ठेवा. नंतर 'होनजिन', त्यात घराची रचना कागदावर काढून घ्या, नाहीतर उकल डोक्यावरून जाते. आयात्सुजी युकितोची 1987 ची दशकोनी घराची कादंबरी अगाथा ख्रिस्तीची 'अँड देन देअर वेअर नन' वाचल्याशिवाय उघडू नका.

एक मात्र मान्य करतो. आयात्सुजीच्या त्या कादंबरीतली मुलं एलरी, कार, अगाथा अशा, पाश्चात्त्य रहस्यकथाकारांवरून घेतलेल्या टोपणनावांनी वावरतात आणि बरीचशी सोंगट्यांसारखी हलवली जातात. तुमचा आरोप तिथे लागू पडतो.