मायक्रोटिक राउटरवरच्या सिंपल क्यू (ग्राहकाचा स्पीड बांधणाऱ्या ओळी) ॲन्सिबलने (सेटिंग आपोआप टाकणाऱ्या साधनाने) बदलतो, पण काही ग्राहकांचा स्पीड जुनाच राहतो. असं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: अमळनेरकडे केबल-इंटरनेटचा धंदा, ग्राहकांना ठरलेले आयपी, सुरुवातीच्या क्यू विनबॉक्समधून (राउटर हाताळायचं मायक्रोटिकचं ॲप) हाताने टाकलेल्या. आता प्लॅनची यादी फाइलमध्ये आहे. प्लेबुक, म्हणजे ॲन्सिबलची कामांची फाइल, टार्गेट (क्यू ज्या आयपीला लागते तो) शोधतं, सापडलं नाही तर नवी क्यू ॲड करतं. एरर काही येत नाही, पण प्लॅन वाढवून घेतलेला माणूस फोन करून सांगतो, ‘दादा, नेट हळूच चाली ऱ्हायनं’. आणि राउटरवर क्यूची यादी लांबतच चालली आहे.

सिंपल क्यूची यादी वरून खाली वाचली जाते. पॅकेट पहिल्या जुळणाऱ्या ओळीत धरलं जातं, त्याच आयपीची दुसरी ओळ खाली असली तरी तिच्यापर्यंत ते जातच नाही. तुमची जुनी २० एमबीपीएसची ओळ वर आहे, नवी ५० ची तळाशी. खात्री करायची तर त्या ग्राहकाला एखादा व्हिडिओ लावायला सांगा आणि विनबॉक्समध्ये कुठल्या ओळीचे बाइट्स वाढतात ते बघा.

मुळात दुसरी ओळ तयार का झाली? तुमच्या फाइलमध्ये आयपी १९२.१६८.१०.२५ असा आहे. राउटर तो साठवताना १९२.१६८.१०.२५/३२ करतो (/३२ म्हणजे हा एकच आयपी). प्लेबुक अक्षराला अक्षर जुळवतं, त्याला तो सापडत नाही, म्हणून ते ॲड करतं. नाव दिलेलं नसलं की राउटर स्वतःच क्यू१, क्यू२ अशी नावं ठेवतो, त्यामुळे नावावरूनही काही अडत नाही. मॅक्स-लिमिटचंही (कमाल स्पीडचंही) तसंच. तुम्ही ५०एम/५०एम लिहिता, एपीआयवरून (प्रोग्रामने राउटरशी बोलायचा मार्ग) परत येतं ५०००००००/५०००००००. मग काहीही बदललेलं नसताना ॲन्सिबल दर वेळी ‘बदल केला’ म्हणतं, आणि खरा बदल कुठला ते कळेनासं होतं.

तेव्हा फाइल राउटरच्या भाषेतच लिहा. आयपीला /३२ लावा, स्पीड पूर्ण बिट्समध्ये द्या (आधी अपलोड, मग डाउनलोड) आणि प्रत्येक क्यूला ग्राहक क्रमांकावरून नाव द्या. आडनावावरून नको, आपल्याकडे एका गल्लीत दहा पाटील आणि आठ चौधरी निघतात. नाव एकमेव असावं लागतं, त्यामुळे तेच नाव पुन्हा ॲड करायला गेलात तर राउटरच नकार देतो. शोधही नावावरून करा. विनबॉक्समध्ये किंवा प्रिंटमध्ये ओळीपुढे जो आकडा दिसतो त्याच्या भरवशावर स्क्रिप्ट लिहू नका, तो कायमचा नसतो.

‘शोध, नाहीतर ॲड कर’ हे स्वतः लिहीत बसण्यापेक्षा ॲन्सिबलच्या कम्युनिटी-राउटरओएस या कलेक्शनमधलं एपीआय-मॉडिफाय मॉड्यूल वापरा. त्याला हवी ती अंतिम स्थिती द्यायची, फरक काढायचं काम त्याचं. यादीत नसलेल्या ओळींना ते आपणहून हात लावत नाही. त्या काढायच्या असतील तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, आणि क्रमही फाइलप्रमाणेच हवा असेल तर काढण्याची परवानगी दिल्याशिवाय तो पर्याय चालत नाही. इथे घाई करू नका. आधी राउटरच्या सेटिंगचा एक्स्पोर्ट घेऊन ठेवा, मग चेक (काहीही न बदलता चाचणी) आणि डिफ (फरक दाखवणं) लावून नुसतं चालवा आणि पुसल्या जाणाऱ्या ओळी डोळ्यांनी वाचा. पूर्वी कुणीतरी हाताने टाकलेली बँकेची किंवा ग्रामपंचायतीची क्यू हमखास तिथेच सापडते.

काही ग्राहकांना मर्यादाच लागत नाही, पूर्ण लाइन मिळते, असंही तुम्ही म्हटलंय. ते वेगळं दुखणं आहे. फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा (प्रोसेसरचा ताण वाचवायला पॅकेट जवळच्या वाटेने सोडण्याचा) नियम आहे का बघा. फास्टट्रॅक झालेलं कनेक्शन सिंपल क्यूला बगल देऊन जातं, तुमचं प्लेबुक कितीही बरोबर असलं तरी. तो नियम बंद करा किंवा ग्राहकांचे आयपी त्यातून वगळा. प्रोसेसरवर ताण वाढेल, तो सोसावा लागतो.

माझं खरं मत विचाराल तर एवढ्या ग्राहकांसाठी सिंपल क्यू एकेक करून सांभाळूच नयेत. हळूहळू पीपीपीओईवर (ग्राहक यूजरनेम-पासवर्डने जोडला जातो ती पद्धत) या. प्रत्येक प्लॅनचं एक प्रोफाइल करायचं आणि त्यात रेट-लिमिट लिहायचं. ग्राहक जोडला गेला की क्यू आपोआप तयार होते, तुटला की जाते. मग ॲन्सिबलला शेकडो क्यूऐवजी चार-पाच प्रोफाइल आणि ग्राहकांची यादी एवढंच बघावं लागतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रोफाइल बदललं तरी चालू सेशनला जुनाच स्पीड राहतो, सेशन तोडून पुन्हा जोडावं लागतं. ते पहाटे करा, आयपीएलच्या मॅचमध्ये नको.

मी यावल-चोपडा पट्ट्यात अशाच छोट्या ऑपरेटरांचे राउटर बघतो. मे-जूनच्या वादळात केळी आडव्या होतात त्याच रात्री आमचे एक-दोन राउटरही विजेने जातात. फाइल नीट असेल तर नव्या राउटरला आयपी देऊन प्लेबुक चालवलं की क्यू जागेवर येतात. म्हणून ही फाइल गिटमध्ये (फाइलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारी व्यवस्था) ठेवा, काउंटरवरच्या संगणकात नको. एपीआयसाठी वेगळा यूजर काढा, ८७२८ ऐवजी ८७२९ हा एसएसएलवाला (कूटबद्ध) पोर्ट वापरा आणि तो फक्त तुमच्या ऑफिसच्या आयपीलाच उघडा ठेवा.

दुहेरी ओळी काढूनही एखादा ग्राहक जुन्याच स्पीडवर राहिला, तर त्याची ओळ आणि तिच्या वरच्या सगळ्या ओळी इथे टाका, नावं झाकून. वर कुठेतरी /२४ चं, म्हणजे आयपींच्या अख्ख्या पट्ट्याचं, टार्गेट असलेली एखादी क्यू बसलेली असेल असा माझा अंदाज आहे.